हिमाचा पांढरा आणि भरतीची काळी रेघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सुदामानगरात वाढलेल्या आणि गेल्या वर्षापासून कॅनडातील हॅलिफॅक्स शहराबाहेर राहणाऱ्या एका तरुणीने विचारले आहे: ‘माझ्या घरापासून समुद्र दहा मिनिटांच्या चालीवर आहे. हिमवर्षाव झाला की मी कॅमेरा घेऊन किनाऱ्याने फिरून येते. डोळ्यांना जे लखलखीत पांढरे दिसते, ते फोटोत कधी मळकट करडे तर कधी निळे येते. इंदुरात बाबांनी फोटो पाहून विचारले, हा बर्फ आहे की चुलीतली राख? शिवाय अर्ध्या तासात बॅटरी मान टाकते आणि घरात आल्यावर लेन्सवर वाफ धरते. फेब्रुवारीत इंदूरला येणार आहे, तेव्हा काही चांगले फोटो तिथेच छापून घ्यायचे आहेत. माझे काय चुकते आहे?’

तुमच्या बाबांचे निरीक्षण अचूक आहे आणि चूक तुमची कमी, कॅमेऱ्याची जास्त आहे. मी तीस वर्षांहून अधिक काळ इंदुरात लग्नसमारंभांचे फोटो काढत आले आहे. हिमाशी माझी ओळख उशिरा झाली; मुलगी हॅलिफॅक्सच्या समोरच्या तीरावर, डार्टमथला राहते आणि तिच्याकडे मी दोन हिवाळे काढले. पण तुम्हाला जो प्रश्न पडला आहे तो मला त्याच्या कितीतरी आधी, रोलच्या जमान्यात, हिमाने नव्हे तर अंतरपाटाने शिकवला होता.

मंगलाष्टके चालू असतात, गुरुजींनी आणि मामांनी दोन बाजूंनी शुभ्र अंतरपाट धरलेला असतो, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग त्या कापडाने व्यापलेला असतो. माझ्या पहिल्या काही लग्नांत नेमके हेच फोटो बिघडत. कापड करडे आणि नवरीचा चेहरा काळवंडलेला. पुढे उलगडा झाला तो असा. कॅमेऱ्यातील मीटर समोरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो, पण समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी हे त्याला ठाऊक नसते. म्हणून त्याची जुळणी एका गृहीतकावर केलेली असते: समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारे आहे. बाजारात, रस्त्यावर, झाडाझुडपांत हे गृहीतक बरेचसे खरे ठरते. ताजे हिम मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवते. मीटरला वाटते की प्रकाश चौपट-पाचपट जास्त आहे, तो इमानेइतबारे तेवढे एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी आत घेतला जाणारा प्रकाश, कमी करतो, आणि पांढऱ्याची राख होते. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे, म्हणून चौपट म्हणजे दोन स्टॉप. तुमचे फोटो साधारण तेवढेच अंडर, म्हणजे गरजेपेक्षा काळपट, येत असणार.

उपाय सांगायला एका वाक्याचा आहे: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची खूण अधिकच्या बाजूला सरकवा. किती सरकवायची हे मात्र त्या दिवसाच्या प्रकाशावर आणि चौकटीत हिम किती आहे यावर ठरते. आभाळ भरलेले असेल आणि निम्म्या चौकटीत हिम असेल तर एक स्टॉप पुरतो. स्वच्छ ऊन असेल आणि चौकट जवळजवळ सगळी पांढरी असेल तर दीड ते दोन लागतात. फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावरील चित्रावर विसंबू नका, कारण हिमाच्या झगमगाटात तो पडदा नेहमीच अंधारा वाटतो; हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळे आणि उजवीकडे पांढरे किती आहे ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, पाहा. हिमाचा उंचवटा उजव्या काठाजवळ यायला हवा, पण काठाला चिकटून वर चढता कामा नये. चिकटला, तर हिमातील बारीक कण, वाऱ्याने पाडलेल्या सुरकुत्या, पावलांच्या कडा हे सारे कोऱ्या कागदात बुडाले असे समजा आणि तिसरा हिस्सा स्टॉप मागे या. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ नोंदीत, साठवा; जेपेगमध्ये एकदा गेलेले पांढरे परत येत नाही, रॉमध्ये थोडे तरी परत मिळते.

येथवरचे कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडेल. पण नुसते दोन स्टॉप वाढवून फोटो चांगला होत नाही, हे मला हिमाच्याही आधी घरच्या गच्चीवर कळले. पहिल्यांदा मुलीकडे जायचे ठरले तेव्हा उन्हाळा होता, आणि इंदुरात सरावाला हिम कुठून आणायचे? गच्चीवर जुन्या पांढऱ्या धोतरावर साबुदाण्याच्या चिकवड्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर मी हात साफ केला. भर दुपारी मीटरच्या सांगण्याप्रमाणे फोटो काढला तेव्हा धोतर महिनाभर न धुतल्यासारखे आले. एक स्टॉप वाढवल्यावर ते धोतर वाटू लागले. दोन स्टॉप वाढवल्यावर धोतर शुभ्र झाले, पण त्यावरच्या चिकवड्या नाहीशा झाल्या. पांढऱ्यावर पांढरे, डोक्यावर सूर्य, सावलीच नाही. संध्याकाळी साडेपाचला तेच धोतर, तीच चिकवडी आणि पुन्हा दोनच स्टॉप अधिक ठेवून फोटो काढला, तेव्हा प्रत्येक चिकवडीच्या कडेला केसाएवढी करडी सावली पडली होती आणि वाळताना तिला पडलेला बाकसुद्धा दिसत होता. पांढरे दिसण्यासाठी एक्स्पोजर लागते, आणि पांढऱ्याला आकार येण्यासाठी तिरका प्रकाश लागतो. हिमाला हेच लागू आहे.

या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात. दुपारच्या सूर्याची उंची काढायची रीत सोपी आहे: २१ डिसेंबरच्या सुमारास ९० अंशांतून गावाचा अक्षांश आणि आणखी साडेतेवीस वजा करायचे. इंदूर सुमारे २२.७ अंशांवर आहे, म्हणून तिथे सूर्य भर दुपारी जवळजवळ ४४ अंश वर असतो, हॅलिफॅक्स ४४.६ अंशांवर, म्हणून तिथे जेमतेम २२. म्हणजे आमच्याकडे ज्या तिरक्या उन्हासाठी पहाटे उठून सिरपूरच्या तलावावर जावे लागते, ते तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत दिवसभर असते. त्याची किंमत एवढीच की दिवस छोटा असतो. डिसेंबरअखेर सकाळी पावणेआठनंतर उजाडते आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ज्यांना रोलच्या काळातील ‘सोळाचा नियम’ आठवतो, म्हणजे स्वच्छ उन्हात एफ १६ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) आणि आयएसओच्या, म्हणजे प्रकाशाला संवेदनशीलतेच्या, आकड्याएवढा शटर (आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग), त्यांनी हेही लक्षात घ्यावे की वाळू किंवा हिम असल्यास एफ २२ करा असे जे सांगितले जाते ते बऱ्यापैकी वर आलेल्या सूर्यासाठी आहे. तुमच्याकडच्या बुटक्या सूर्याला मी एफ १६ च्या पुढे कधी गेले नाही, आणि अनेकदा एफ ११ वरच थांबले.

आता निळ्याबद्दल. उन्हात असलेल्या हिमावर सूर्याचा पिवळसर प्रकाश पडतो, आणि सावलीतल्या हिमावर सूर्य नसतो, फक्त निळे आकाश असते. हिम आरशासारखे प्रामाणिक असल्याने ते त्या आकाशाचा रंग घेऊन बसते. आपला मेंदू हा निळा खोडून टाकतो, कॅमेरा खोडत नाही. त्यामुळे सावलीतले हिम निळे येणे ही चूक नव्हे, आणि मी ते पूर्ण काढूनही टाकत नाही, कारण निळी सावली नसेल तर ऊन पिवळे वाटत नाही आणि चित्रातली थंडी जाते. मात्र सगळे चित्रच निळे येत असेल, तर ढगाळ दिवसासाठीचा व्हाइट बॅलन्स (कोणता रंग पांढरा धरायचा हे ठरवणारी सोय) निवडा किंवा रॉमध्ये उन्हातल्या हिमाचा एक ठिपका पांढरा धरून बाकीचे आपोआप जुळू द्या. सावलीतला ठिपका पांढरा धरला, तर उन्हातले हिम हळदीसारखे होते. जाता जाता सांगते, निळ्याने छळण्याची ही परंपरा जुनी आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदुरातील सरकारी बांधकाम खात्याच्या कचेरीत अंदाजपत्रके आणि नकाशे करण्याच्या नोकरीवर आले आणि पुढे महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या आश्रयाने छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले. त्यांच्या काळातील काचेच्या प्लेटी निळ्या प्रकाशाला इतक्या हळव्या असत की निळे आकाश छापात कोरे पांढरे उतरे. त्यांना निळ्याचे पांढरे होताना पाहावे लागले, आपल्याला पांढऱ्याचे निळे होताना.

खरा मुद्दा आता येतो, आणि तो फक्त किनाऱ्याचा आहे. डोंगरातल्या किंवा मैदानातल्या हिमात आणि समुद्रकाठच्या हिमात एक मोठा फरक असतो: समुद्रकाठी हिम सगळीकडे टिकत नाही. भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते तिथपर्यंतचे हिम ते धुऊन नेते. म्हणून ओहोटीला किनाऱ्यावर तीन पट्टे दिसतात. वर पांढरे हिम, खाली करडा समुद्र आणि दोहोंच्या मधोमध ओल्या खडकांचा व शेवाळाचा काळा पट्टा. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येते, त्यामुळे हा काळा पट्टा रोज दोनदा पुसला आणि आखला जातो, आणि रोज थोड्या वेगळ्या वेळी. हिमवर्षाव भरतीच्या वेळी झाला की ओहोटीच्या वेळी झाला, यावरही पट्ट्याची कड ठरते. हॅलिफॅक्सच्या बाजूला भरती-ओहोटीतील फरक दीड-दोन मीटरच असतो, म्हणून हा पट्टा आटोपशीर आणि एका चौकटीत मावणारा. त्याच प्रांताच्या दुसऱ्या अंगाला, फंडीच्या उपसागरात, तो फरक काही ठिकाणी १६ मीटरपर्यंत जातो आणि तिथले दृश्यच निराळे असते.

एका सकाळी मी या रेघेच्या वरच्या काठाशी अर्धा तास थांबले होते. हिमाची कड सरळ नव्हती. प्रत्येक लाटेची शेवटची जीभ जिथवर आली, तिथे हिमाला एकेक अर्धवर्तुळ कापलेले होते, जणू झालरीला लावलेली क्रोशाची लेस. त्या लेसच्या खाली फुगीर गाठींचे तपकिरी समुद्रशेवाळ पडले होते आणि त्याच्या एकूणएक गाठीवर काचेसारखा बर्फ चढला होता. वरून एका सीगलची पावले हिमावर उमटत आली होती आणि काळ्या पट्ट्यापाशी येऊन संपली होती. तो उडाला की पाण्यात उतरला, हे खडकाने ठेवून घेतले नव्हते. फोटो म्हणून सांगण्यासारखे एवढेच. पण त्या अर्ध्या तासात मीटर किती वेळा फसला ते पाहा. कॅमेरा हिमाकडे वळवला की तो अंडर करी. चौकट दोन बोटे खाली आणली, काळा पट्टा आत आला, की तोच मीटर घाबरून एक्स्पोजर वाढवी आणि हिमाची लेस जळून जाई. कॉम्पेन्सेशनचा एकच आकडा अशा ठिकाणी चालत नाही, कारण चूक दर चौकटीला बदलते, प्रकाश मात्र तोच असतो.

म्हणून माझा सल्ला असा की किनाऱ्यावर मॅन्युअल मोड, म्हणजे सगळे आकडे हाताने ठरवायची सोय, वापरा. घरातून निघाल्यावर पहिल्या मोकळ्या जागी, जिथे चौकटभर हिमच आहे अशा ठिकाणी, मीटरच्या वर पावणेदोन-दोन स्टॉप ठेवून एक फोटो काढा, हिस्टोग्राम पाहून जुळवा आणि मग ऊन-ढग बदलेपर्यंत त्या आकड्यांना हात लावू नका. हिमाचे पांढरे एकदा जागेवर बसले, की खडक आपोआप काळे येतात, समुद्र करडा येतो आणि चेहरे चेहऱ्यासारखे येतात. अंतरपाटाच्या बाबतीत मी शेवटी हेच करू लागले होते. मुहूर्ताच्या आधीच मांडवातला प्रकाश मोजून आकडे ठरवायचे आणि नंतर कापड वर जावो की खाली येवो, कॅमेऱ्याचे ऐकायचे नाही. तळहातावरून येणारा प्रकाश मीटरने मोजून एक स्टॉप वाढवण्याची जुनी युक्तीही चांगली आहे, फक्त उणे आठ अंशांत हातमोजा काढायची तयारी हवी.

चित्र रचताना मी त्या काळ्या रेघेला हिमापेक्षा अधिक मान देते. नुसते पांढरे, कितीही शुभ्र असले, डोळ्याला धरून ठेवत नाही. शेजारी अस्सल काळे असेल तर तेच पांढरे दुप्पट उजळते. रेघ चौकटीच्या एका कोपऱ्यातून आत आणा आणि किनाऱ्याच्या वळणाबरोबर तिला दूर जाऊ द्या. समुद्राचे पाणी गोठवून दाखवायचे असल्यास शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवल्यास लाट धुरासारखी होते आणि वरच्या हिमात मिसळून जाते, जे मला फारसे आवडत नाही, कारण मग काय पाणी आणि काय हिम हेच कळेनासे होते. एखाद्या कडाक्याच्या सकाळी समुद्रातूनच वाफा निघताना दिसल्या, तर बाकी सगळे सोडून तिकडे वळा: फार थंड हवा तुलनेने उबदार पाण्यावरून वाहते तेव्हा असे होते, सूर्य वर येईपर्यंतचा थोडा वेळच ते टिकते, आणि सूर्य त्या वाफेच्या मागे ठेवून काढलेला फोटो वाया जात नाही.

हिम पडत असताना फोटो काढायचे असतील तर पार्श्वभूमी काळी शोधा. आकाशासमोर पडणारे हिम दिसतच नाही; स्प्रूसची (तिथल्या सूचिपर्णी झाडांची) गर्द झाडी, जुन्या धक्क्याची लाकडे किंवा एखादे लाल घर मागे असेल तर प्रत्येक पाकळी दिसते. शटर १/२५० च्या पुढे असल्यास कण थबकतात, १/६० च्या आसपास त्यांच्या तिरप्या रेषा होतात. ऑटोफोकस जवळच्या कणांमागे धावत सुटतो, म्हणून एकच फोकस बिंदू निवडून तो झाडाच्या बुंध्यावर किंवा खडकाच्या कडेवर टेकवा, नाहीतर फोकस हाताने लावा. कण जवळून टिपायची हौस असल्यास गडद लोकरीची बाही पुढे धरा आणि श्वास रोखा. अमेरिकेतील व्हरमाँटचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ च्या जानेवारीत सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा पहिला फोटो घेतला आणि पुढे पाच हजारांवर फोटो जमवले. तेही स्फटिक झेलायला काळाच पृष्ठभाग वापरत. तुमच्या किनाऱ्यावर मात्र सागरी हवेमुळे बरेचदा ओले, चिकट हिम पडते आणि तासा-दोन तासांत त्याचा पाऊस होतो, त्यामुळे सुटीच्या दिवसाची वाट पाहू नका. हिम थांबल्याबरोबर, अर्धा तास का होईना, निघा. घराजवळच्या रस्त्याचा हाच फायदा आहे की तो अर्ध्या तासात पायाखाली येतो आणि कुठला खडक कुठे आहे ते आधीच ठाऊक असते.

बॅटरीचे दुखणे फार मोठे नाही. थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, कॅमेऱ्याला हवा तेवढा विद्युतप्रवाह ती देऊ शकत नाही आणि कॅमेरा तिला संपलेली समजतो. ती खरोखर संपलेली नसते; अंगाजवळच्या खिशात ठेवली की बरीचशी शुद्धीवर येते. दोन बॅटऱ्या ठेवा, एक कॅमेऱ्यात आणि एक स्वेटरच्या आतल्या खिशात, आणि आलटून पालटून वापरा. बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात, पण शून्याखाली पाच-दहा अंशांत माझा कॅमेरा कधी अडून बसला नाही. अडली ती माझी बोटे. आत पातळ सुती हातमोजे आणि वर जाड पंजा, हे दुहेरी लेणे मला सोयीचे वाटले. ट्रायपॉडच्या धातूच्या पायांना स्पंज गुंडाळून घ्या.

वाफेचे मात्र नीट समजून घ्या, कारण त्यात कॅमेऱ्याचे खरे नुकसान होऊ शकते. लोकांचा समज असतो की बाहेर नेल्यावर वाफ धरेल. धरते ती आत आणल्यावर. २० अंशांच्या खोलीत सापेक्ष आर्द्रता ४० टक्के एवढी कमी असली, तरी तिथला दवबिंदू सुमारे ६ अंशांवर असतो; म्हणजे ६ अंशांपेक्षा थंड अशी कोणतीही वस्तू त्या खोलीत आणली, की तिच्यावर पाणी जमणारच, आणि तुमचा कॅमेरा उणे पाच अंशांवर आहे. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला जूनमध्ये जसा घाम फुटतो, तसाच हा. आम्हा इंदूरकरांना हा अनुभव उलट्या बाजूने येतो. एका जुलैत एसी लावलेल्या गाडीतून पाताळपाणीच्या धबधब्याजवळ उतरले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि धबधब्याऐवजी वीस मिनिटे फक्त दूध दिसत होते. तोड सोपी आहे. घराच्या दाराबाहेरच कार्ड काढून खिशात टाका, कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी बंद करा आणि मगच आत या. दोन तास ती उघडू नका. पाणी जमले तर पिशवीवर जमते. माझी मुलगी त्या पिशवीला ‘आईचे लोणचे’ म्हणत असे, कारण मी ती मुरायला ठेवते आणि कोणाला हात लावू देत नाही.

खाऱ्या तुषारांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण सांगणे भाग आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि लेन्सवर पडलेला थेंब सुकला की ते मागे उरतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे तो डाग वाळतो, ओलावतो, पुन्हा वाळतो आणि धातूला खात राहतो. लेन्सवर साधा पारदर्शक फिल्टर लावा. परत आल्यावर मऊ कापड गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, आधी ओल्या कापडाने टिपा आणि मग कोरड्याने पुसा. पहिल्या हिवाळ्यात मी घाईघाईत गळ्यातल्या कोरड्या लोकरी मफलरने फिल्टर पुसला. सुकलेल्या मिठाच्या कणांनी त्यावर कोयरीच्या आकाराचा एक ओरखडा काढला, जो सूर्य समोर आला की अजून प्रत्येक फोटोत हजेरी लावतो. फुंकर मारून साफ करायची सवयही तिथे सोडा, श्वास काचेवरच गोठतो.

आता एक गोष्ट दटावून सांगायची आहे. आपण मराठीत गोळ्याचा किस, फ्रीजमधला खडा आणि आभाळातून पडणारे भुरभुरीत हिम या सगळ्यांना सरसकट बर्फ म्हणतो, आणि तुम्हीही तसेच म्हणत असाल. किनाऱ्यावर मात्र हा भेद जिवाशी आहे. हिमावर पाय रुततो, म्हणून ते त्यातल्या त्यात सुरक्षित. पण मी ज्या काळ्या रेघेचे एवढे कौतुक केले, तिथे खडकावर उडालेले तुषार गोठून पारदर्शक बर्फाचा पापुद्रा होतो, खालचा खडक काळा असल्याने तो दिसत नाही, आणि त्याखाली शेवाळ असते. हॅलिफॅक्सहून चाळीसेक किलोमीटरवर पेगीज कोव्ह येथे १९१५ मध्ये बांधलेले दीपगृह आहे. त्याच्याभोवती ग्रॅनाइटचे प्रचंड खडक पसरलेले आहेत आणि काळ्या, ओल्या खडकांवर जाऊ नका अशा इशाऱ्याच्या पाट्या तिथे लावलेल्या आहेत. खडक काळा दिसतो याचा अर्थ अलीकडेच लाट तिथवर येऊन गेली आहे, एवढाच असतो. म्हणून रेघेचा फोटो नेहमी हिमाच्या बाजूने, पांढऱ्यात उभे राहून घ्या, जवळचे हवे असल्यास लांब लेन्स लावा, बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधा, आणि चौकटीत डोळा असताना समुद्राकडे पाठ करू नका. निघताना भरतीची वेळ पाहा. ओहोटी लागून दोनेक तास झाले असताना रेघ सर्वांत ताजी असते आणि परतीची वाटही मोकळी असते.

राहिला छपाईचा प्रश्न. घरी संगणकावर फोटो पाहताना खिडकीतून हिमाचा उजेड पडद्यावर येऊ देऊ नका, नाहीतर सगळे अंधारे वाटून तुम्ही गरजेपेक्षा उजळ कराल. उजळपणाच्या मोजणीत (० म्हणजे काळे, २५५ म्हणजे कोरे पांढरे) उन्हातले सर्वांत पांढरे हिम २५५ पैकी २४० ते २४५ च्या आसपास ठेवा. तेवढे अंतर राखले तर कागदावर त्याला कण दिसतात, आणि भोवतालच्या कोऱ्या समासापुढे ते मळके वाटत नाही. चकचकीत कागदापेक्षा मी अशा चित्रांना मंद झळाळीचा कागद घेते. इंदुरात लॅबमध्ये फाइल द्याल तेव्हा एक सूचना न विसरता द्या. छपाईच्या यंत्रात आपोआप दुरुस्ती करणारी सोय असते आणि तीही सरासरी काढूनच काम करते. तुम्ही किनाऱ्यावर कॅमेऱ्याशी भांडून मिळवलेले पांढरे पाहून तिला वाटते की फोटो ओव्हर, म्हणजे गरजेपेक्षा उजळ, झाला आहे, आणि ती तो पुन्हा राखेच्या रंगाला आणून ठेवते. माझ्या पहिल्या हिवाळ्याचे चाळीस छाप असेच करडे होऊन आले होते. ‘करेक्शन बंद ठेवा’ असे स्पष्ट सांगा, एकच छोटा छाप आधी काढायला लावा, तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न पाहता बाहेर उन्हात नेऊन पाहा, आणि तो पसंत पडेपर्यंत बाकीचे छापू देऊ नका.